लहान खोलीसाठी सबवूफर : प्रश्न नीट मांडला की उत्तर निम्मं सापडतं

संशोधनाची तयारी करताना बहुतेकांची गाडी अडते ती प्रश्न मांडण्यापाशी. विषय ठरलेला असतो, वाचन झालेलं असतं, पण प्रश्न असा असतो की कितीही मोजलं तरी त्यातून उत्तर निघत नाही. आज यासाठी एक घरगुती उदाहरण घेऊ. गिरगाव, परळ, लालबाग भागात तुमची चाळीतली एक खोली आहे. होम थिएटरसाठी सबवूफर घ्यायचाय. कुठला चांगला?

हा प्रश्न आहे तसा विचारला तर उत्तर मिळणार नाही. म्हणजे माहिती कमी आहे असं नाही. प्रश्नात तीन गोष्टी गाळल्यात: खोली कुठली, ऐकणारा बसणार कुठे, आणि भिंतीपलीकडे कोण राहतं. या तिन्ही गोष्टी सबवूफरच्या डब्यावर छापलेल्या नसतात, पण निकाल बहुतांशी त्याच ठरवतात. कसं ते बघू.

आधी खोली मोजा

बीडीडी चाळींचं उदाहरण सोयीचं आहे, कारण तिथल्या खोल्या साधारण एकाच मापाच्या आहेत. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग इथे या चाळी बांधल्या. एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गणितासाठी आपण १६ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच अशी खोली धरू.

मुंबईच्या ३० अंश तापमानात आवाज सेकंदाला सुमारे ११४५ फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज ये-जा करतो आणि काही ठराविक वारंवारतांना तिथे स्थिर तरंग तयार होतात. बारावीच्या भौतिकशास्त्रात दोन्ही टोकांना बांधलेल्या तारेचं प्रकरण होतं, आठवतंय? हे त्याच जातीचं आहे. सगळ्यात खालची वारंवारता काढायला आवाजाच्या वेगाला अंतराच्या दुपटीने भागायचं.

लांबीसाठी: ११४५ भागिले ३२, म्हणजे सुमारे ३६ हर्ट्झ.
रुंदीसाठी: ११४५ भागिले २०, म्हणजे सुमारे ५७ हर्ट्झ.
उंचीसाठी: पुन्हा ५७ हर्ट्झ.

रुंदी आणि उंची सारखी असल्यामुळे ५७ हर्ट्झवर दोन तरंग एकमेकांवर चढलेत. तिथे खोली घुमणार. आणि ३६ ते ५७ च्या मधल्या सुरांना आधार द्यायला खोलीचा एकही तरंग नाही. सबवूफर साधारण २० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात खोलीचे हे मोजके तरंग येतात. मोठ्या सभागृहात असे तरंग इतके दाटीने असतात की एकेकटा वेगळा ऐकू येत नाही. लहान खोलीत ते मोजकेच असतात, म्हणून प्रत्येकाचा स्वभाव ऐकू येतो.

आता बसायच्या जागेकडे या. यातल्या प्रत्येक पहिल्या तरंगाचा दाब भिंतीला टेकून सगळ्यात जास्त असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणजे खोलीच्या मधोमध खुर्ची टाकलीत तर ३६ हर्ट्झ गायब, ५७ हर्ट्झही गायब. कोपऱ्यात, दोन्ही भिंतींना लागून असलेल्या दिवाणावर बसलात तर दोन्ही दणकून. सबवूफर तोच, सिनेमा तोच, फरक फक्त काही फुटांचा.

हा फरक केवढा? एकाच वारंवारतेला १० डेसिबलचा फरक सहज पडतो, कधी त्याहूनही जास्त. याउलट १०० वॉटऐवजी २०० वॉटचा सबवूफर घेतलात तर मिळतात जेमतेम ३ डेसिबल. संशोधनाच्या भाषेत याला परिणामाचं आकारमान म्हणतात. ज्या घटकाचा परिणाम मोठा, त्यावर आधी वेळ घालवा. आपण मात्र सहसा ज्या घटकाचा आकडा डब्यावर छापलेला असतो त्याच्यावर वेळ घालवतो.

अर्थात, खऱ्या खोलीत मोरी असते, ओटा असतो, कपाट असतं, पोटमाळा असतो. पोटमाळ्याखाली उंची बदलते, दार गॅलरीकडे उघडं असतं. त्यामुळे वरचे आकडे म्हणजे गृहीतक समजा. कुठे शोधायचं ते गृहीतक सांगतं; काय आहे ते मोजल्यावरच कळतं.

दुकानातली खोली तुमची नाही

लॅमिंग्टन रोडला जाऊन दोन सबवूफर ऐकायचे आणि आवडेल तो उचलायचा, ही नेहमीची पद्धत. यात गोंधळ घालणारे घटक किती, ते मोजा. दुकानाची खोली वेगळी, दोन सबवूफर दोन वेगळ्या कोपऱ्यांत, उभं राहून ऐकणं, आणि आवाजाची पातळी दोन्हींची सारखी नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यात फसवा आहे. दोन सारख्या गोष्टींतली जी किंचित मोठ्याने वाजते ती कानाला 'चांगली' वाटते. खर्जात तर आपला कान पातळीच्या बदलाला जास्तच संवेदनशील असतो. मधल्या पट्टीत आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, पण ४० हर्ट्झच्या आसपास पाच-सहा डेसिबल पुरतात.

म्हणून तुलना करायचीच तर पातळी सारखी करून, एकाच जागी ठेवून, आणि कुठला वाजतोय हे ऐकणाऱ्याला न सांगता करा. दुकानात हे जमत नसेल, तर दुकानात मिळालेलं मत हा पुरावा नाही, ती फक्त एक भेट होती.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे

एक: 'वीस हर्ट्झपर्यंत' एवढंच लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. किती डेसिबलच्या फरकात आणि किती पातळीवर, हे सोबत हवं. एकाच पातळीचा आवाज एक सप्तक खाली, म्हणजे ४० ऐवजी २० हर्ट्झवर काढायचा, तर चौपट हवा हलवावी लागते. छोट्या कोनाचा वूफर २० हर्ट्झवर हलेल, पण तुम्हाला ऐकू येईलच असं नाही.

दोन: पेटी बंद आहे की पोर्टची. बंद पेटीचा आवाज तिच्या मर्यादेखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, पोर्टच्या पेटीचा २४ ने. लहान, बंद आणि भक्कम खोली आपल्या सगळ्यात खालच्या तरंगाखाली आवाजाला उचलून धरते; आदर्श स्थितीत दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत. म्हणजे बंद पेटीची उतरण आणि खोलीची चढण एकमेकींना भरून काढतात. लहान खोलीसाठी ८ किंवा १० इंची बंद पेटी सुचवतात त्याचं हे कारण. पण अट वाचा: 'बंद, भक्कम खोली'. चाळीत दार उघडं ठेवून बसायची सवय असेल तर हा फायदा गॅलरीतून निघून जातो. कुठल्याही शोधनिबंधातला निष्कर्ष उचलताना त्याच्या अटी आपल्याकडे लागू आहेत का, हे याच पद्धतीने तपासायचं.

तीन: एक मोठा की दोन लहान? हरमन कंपनीतल्या टॉड वेल्टी आणि ॲलन डेव्हँटिए यांनी २००६ मध्ये अनेक सबवूफरांवर निबंध प्रसिद्ध केला. अनेक सबवूफर योग्य जागी ठेवले की खोलीतल्या वेगवेगळ्या जागांमधला फरक कमी होतो, हे त्यातलं सूत्र. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन, ही त्यातली सोपी मांडणी. चौघं चार ठिकाणी बसत असतील तर दोन लहान घ्या. एकटेच ऐकणार असाल तर एक पुरतो, फक्त त्याची जागा शोधावी लागते.

जागा शोधायची एक स्वस्त युक्ती

सबवूफर तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, खर्जाची एक तान चालू करा आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे आवाज सगळ्यात सम वाटेल, तिथे सबवूफर ठेवा. हे चालतं याचं कारण ध्वनीचा व्युत्क्रम नियम: आवाज काढणारा आणि ऐकणारा यांच्या जागांची अदलाबदल केली तरी दोघांमधला मार्ग तसाच राहतो. हेल्महोल्ट्झ आणि रॅले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेला हा नियम चाळीतल्या फरशीवर आजही उपयोगी पडतो.

मग मोजा. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सोबत कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक हवा, कारण बरेच फोन खर्ज कमी ऐकतात. माइक कानाच्या उंचीवर ठेवा, पंखा बंद करा, खिडक्या प्रत्येक वेळी सारख्याच. काही न वाजवता आधी पार्श्वभूमी मोजा. लालबागच्या उड्डाणपुलाजवळ राहत असाल तर रस्त्याची घरघरही याच पट्ट्यात येते. काहीही न बदलता तीनदा मोजा. या तीन मोजण्यांत जेवढा फरक येतो, त्याहून लहान 'सुधारणा' ही सुधारणा नव्हे. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला. उंचवटे इक्वलायझरने खाली आणता येतात. खड्डे मात्र भरत नाहीत, त्यासाठी जागाच बदलावी लागते.

भिंतीपलीकडचं मोजमाप

इथपर्यंत आपण फक्त ऐकणाऱ्याचा विचार केला. आता ज्याला ऐकायचंच नाही त्याच्याकडे या.

भिंत आवाज अडवते ती मुख्यतः वजनाने, आणि दर सप्तक खाली गेलं की तिची ताकद साधारण ६ डेसिबलने घटते. ६४० हर्ट्झ ते ४० हर्ट्झ म्हणजे चार सप्तकं, म्हणजे २४ डेसिबल. त्यामुळे सिनेमाचे संवाद तुमच्याकडेच राहतात आणि शेजाऱ्यांकडे नुसती धडधड पोचते. अंड्यांचे ट्रे किंवा फोम लावून हे थांबत नाही. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी २८ फुटांहून जास्त असते. इंचभर फोम तिला जाणवतही नाही. गिरगावातल्या लाकडी जमिनीच्या जुन्या चाळींत सबवूफरखाली रबराचे पॅड ठेवल्याने जमिनीतून जाणारा कंप कमी होतो, पण हवेतून जाणारा आवाज तसाच राहतो.

आता नियम बघा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण हे डेसिबल 'ए' भारांकनाचे आहेत. हे भारांकन हळू आवाजात माणसाचा कान कसा ऐकतो त्यावर बेतलेलं आहे, आणि ५० हर्ट्झवर ते ३० डेसिबल वजा करतं. म्हणजे शेजारच्या खोलीत ५० हर्ट्झची ७५ डेसिबलची धडधड पोचली, तर 'ए' मापक दाखवणार ४५. 'सी' भारांकनाने तीच धडधड सुमारे ७४ भरते.

दोन्ही आकडे खरे आहेत. 'ए' विचारतं, कानाला साधारण किती मोठं वाटेल? फळीवरची भांडी खुळखुळतात का, ठेक्याने झोप मोडते का, हे ते विचारतच नाही. मापक निवडलं की प्रश्नही निवडला गेला. म्हणून दोन्ही मापं नोंदवा. दोघांतलं अंतर मोठं असेल तर आवाजात खर्ज भरलाय, हे लगेच कळतं.

आणि माणसांनाही विचारा. मात्र 'काकू, त्रास होतो का हो?' असं विचारलंत तर उत्तर येईल, 'छे रे, कसला त्रास!' पिढ्यान् पिढ्यांचा शेजार आहे, तोंडावर कोण हो म्हणेल? सर्वेक्षणात उत्तर देणारा समोरच्याला बरं वाटेल ते बोलतो, तो हाच पूर्वग्रह. त्यापेक्षा विचारा, 'काकू, काल आमचा सिनेमा किती वाजता संपला?' नेमकी वेळ सांगितली, तर त्या जाग्या होत्या. त्यांच्याकडची रात्रपाळी किंवा दहावीचं वर्ष हे तुमच्या प्रयोगाबाहेरचं नाही. प्रयोगाचा खर्च ते भरतायत आणि सिनेमा तुम्ही बघताय.

तर प्रश्न असा मांडा

'या खोलीत, या दिवाणावर, दार लावून, ३० ते ८० हर्ट्झमध्ये चढउतार कमीत कमी राहील, आणि रात्री दहानंतर शेजारच्या खोलीत पार्श्वभूमीच्या वर काही पोचणार नाही, असा आकाराने आणि किमतीने लहानात लहान सबवूफर कुठला, आणि तो कुठे ठेवायचा?' वाक्य लांब झालं खरं, पण यातला प्रत्येक भाग मोजता येतो.

एक मर्यादाही सोबत लिहून ठेवा. बीडीडीच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. सबवूफर टेम्पोत घालून नेता येईल. त्याच्याबद्दलचा निष्कर्ष नेता येणार नाही. तिथे लांबी-रुंदी-उंची पुन्हा मोजायची, आणि नवे शेजारी कोण आहेत तेही बघायचं.

तोवर एवढं करा: टेप घ्या, स्वतःच्या खोलीच्या तीन वारंवारता काढा, आणि तुमची बसायची जागा त्यातल्या कुठल्या तरंगाच्या मध्यावर येते ते कागदावर मांडा. बाजारात जायच्या आधी.