सोडचिठ्ठी आणि हुकूमनामा

धंतोलीत आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी एक घडीचा कागद दाखवला. तीन वर्षांपूर्वीचा शंभराचा स्टॅम्पपेपर, नोटरीचा शिक्का, नवरा-बायकोच्या सह्या. ‘सोडचिठ्ठी झाली न भाऊ, आता दुसरं लग्न करता येते न जी?’ मी नाही म्हणालो.

सोडचिठ्ठी, काडीमोड ही अनेक जातींतली जुनी रूढी. पांढरपेशांत ती वाट बंद होती. मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात, म्हणून इथल्या स्त्रीला १९५५च्या हिंदू विवाह कायद्याची वाट पाहावी लागली. त्याच्या कलम २९ने रूढीचा घटस्फोट राखला. पण तशी रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. नुसत्या नोटरीने लग्न मोडत नाही.

परस्परसंमतीची तरतूद १९७६ची. वर्षभर विभक्त राहिल्यावर कौटुंबिक न्यायालयात दोघांचा मिळून अर्ज, मग सहा महिन्यांनी पुन्हा संमती. योग्य प्रकरणी हे सहा महिने माफ होऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. नवरा राजी नसेल, तर क्रूरता, परित्याग असे कारण शाबीत करावे लागते. २००३पासून पत्नीला स्वतः राहते तिथेच अर्ज करता येतो, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला वकील विनामूल्य मिळतो.

बाई कागद फाडायला निघाल्या. मी थांबवले. लग्न मोडायला तो अपुरा असला, तरी दोघे कधीपासून वेगळे राहतात, हे सांगायला तोच उपयोगी पडेल.