उतरते ऊन आणि चित्रकाराची सुरी

उघड्यावर बसून निसर्गचित्र काढावयाचे म्हटले की पहिली अडचण येते ती वेळेची. विषय जागचा हलत नाही. त्याच्यावरचे ऊन मात्र सारखे बदलत असते. या अडचणीत चित्रकाराची सुरी, म्हणजेच पॅलेट नाइफ, कशी उपयोगी पडते, एवढेच येथे आम्हांस सांगावयाचे आहे.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. चैत्रातल्या एखाद्या दुपारी उत्तनच्या किनाऱ्यावर उत्तरेकडे तोंड करून बसावे. डावीकडे समुद्र, समोर वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, उजवीकडे बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. साडेचारला होडीचा पांढरा रंग पांढराच दिसतो. पावणेसहाला तिची समुद्राकडची बाजू पिवळी होते आणि गावाकडची बाजू, तिला केवळ आकाशाचा उजेड मिळत असल्यामुळे, निळसर दिसू लागते. साडेसहाला तीच होडी केशरी आणि जांभळी! ‘होडी पांढरी आहे’ हे ज्ञान येथे कामाचे नाही.

हा बदल आपल्याकडे अधिक वेगाने होतो. आपले ठिकाण सुमारे 19 अक्षांशावर असल्याने वसंतसंपाताच्या सुमारास सायंकाळी सूर्य तासाला जवळजवळ 14 अंश खाली येतो. उत्तर फ्रान्समध्ये तो सुमारे 10 अंशच उतरतो. तेथे रूआँच्या कॅथीड्रलची चित्रे काढताना (1892 ते 1894) मोने एकाच वेळी अनेक कॅनव्हास जवळ ठेवी आणि उजेड पालटला की दुसरा कॅनव्हास पुढे घेई. मग उत्तनला बसणाऱ्याने किती घाई करावयास हवी!

सुरीचा उपयोग येथेच होतो. गवंड्याच्या थापीसारखे तिचे पाते लवचीक असते. कुंचल्याने ओल्या रंगावर दुसरा रंग देऊ लागलो तर खालचा रंग वर येऊन दोन्ही गढूळ होतात. सुरी हलक्या हाताने टेकविली तर वरचा रंग वरच राहतो. ती धुवावी लागत नाही. फडक्याने पुसली की दुसऱ्या रंगास तयार. चुकलेला भाग एका फटक्यात खरवडता येतो. पात्याच्या सपाटीने वाळू व आकाश, कडेने डोलकाठी. बारकावे मात्र तिला साधत नाहीत, आणि हाच तिचा मोठा गुण होय. कारण त्यामुळे चित्रकाराला छायेचे व उजेडाचे मोठे भाग आधी ठरवावेच लागतात. कूर्बे याने एकोणिसाव्या शतकात खडक आणि लाटा सुरीनेच रंगविल्या, त्या उगीच नव्हेत.

तरीही सुरी सूर्याला थांबवीत नाही. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत छायांच्या कडा पातळ रंगाने आखून घ्याव्या आणि पुढे त्या बदलू नयेत. होडीची सावली पाचची आणि आकाश साडेसहाचे, असे चित्र कितीही रंगतदार असले तरी खोटे ठरते. उजेड गेला की हात आवरावा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत यावे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाचे तळे पुन्हा पुन्हा रंगविले. ओळखीच्या जागेतही पाहण्यासारखे संपत नाही, हेच त्यावरून कळते. उत्तनचा किनाराही असाच पुन्हा पुन्हा पाहावा. एका तासाचे ऊन प्रामाणिकपणे हाती लागले, तरी बैठक सार्थकी लागली असे समजावे.