माळ्यावरची पेटी

आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, हे हैदराबादच्या मराठी घरांत कुणाला सांगायला नको. सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या अल्बर्ट अबिद यांच्या दुकानावरून या भागाला नाव पडलं. त्या बाजारापासून चालत पाच मिनिटांवरच्या एका शाळेत मी अकरा वर्षं वाद्यवर्ग चालवला. मंडळाच्या तरुण आईबाबांनी त्याबद्दल लिहायला सांगितलं, म्हणून हा लेख.

मी रुजू झाले तेव्हा ‘संगीताचा तास’ म्हणजे प्रार्थना आणि स्नेहसंमेलनाची गाणी. कपाटात तीन पेट्या होत्या, त्यातल्या एकीचा भाता फाटलेला. तबल्याच्या दोन जोड्या होत्या, एकीची पुडी गेलेली. आठवड्याला चाळीस मिनिटांचे दोन तास आणि वर्गात बत्तीस मुलं. वाद्यं अपुरी, म्हणून मी वर्गाचे गट केले. एक गट वाजवणार, दुसरा हाताने ताल धरणार, तिसरा सरगम म्हणणार, आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. रिकामं कुणी बसायचं नाही.

पहिली अडचण सुराची आली. मुलांनी घरून बासऱ्या आणल्या, त्या सगळ्या वेगवेगळ्या पट्टीच्या. एकत्र वाजल्या की कान धरावे लागत. पेटीचा सूर हलत नाही, त्यामुळे बाकीच्यांनीच तिच्याकडे यायचं असं ठरवलं. सगळा वर्ग काळी एकला बांधला आणि बासऱ्या त्याच पट्टीच्या आणवल्या. पेटीवर मींड निघत नाही आणि तिचे स्वर ठरीव असतात, अशा आक्षेपांवरून आकाशवाणीने 1940 ते 1971 तिला दार बंद ठेवलं होतं. आक्षेप खरा आहे. पण बत्तीस मुलांच्या वर्गात तिचा हाच हट्टीपणा उपयोगी पडतो.

दुसरी अडचण खास आपल्या गावची. वर्गात मराठी, तेलुगू, मारवाडी, दख्खनी बोलणारी अशी सगळी मुलं होती. तेलुगू घरांतली काही मुलं कर्नाटक संगीत शिकत. त्यांचे पहिले धडे मायामाळवगौळ रागातले, म्हणजे आपल्या भैरवचे स्वर. आपली मुलं बिलावलचे शुद्ध स्वर घोकून आलेली. ‘सा रे ग म’ म्हणा म्हटलं की दोन वेगळे रे एकमेकांवर आपटत. मग दोन्हीकडे चालेल असं शोधलं. आपला भूप तोच त्यांचा मोहनम्. हंसध्वनी तर मूळचा दक्षिणेकडचा, भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी आपल्याकडे रुजवलेला. सा रे ग प नी एवढेच स्वर, सगळे शुद्ध. आठ अक्षरांच्या आदितालाची दोन आवर्तनं सोळा मात्रांच्या तीनतालात बसतात. व्हायोलिन शिकणारी तेलुगू मुलगी आणि पेटी वाजवणारा आपला मुलगा शेजारी बसून एकच गत वाजवू लागले. एकमेकांचे शब्दही उचलू लागले.

आता माझी चूक सांगते. तिसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी मी ‘चांगली’ मुलं निवडली. सातवीतला एक मुलगा तबल्याला हळू होता, लय सुटायची. त्याला मी झांज दिली. कार्यक्रम छान झाला, टाळ्या पडल्या. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा त्याने वाद्यवर्गात नाव घातलं नाही. त्याची आई फाटकाशी भेटली. म्हणाली, “टीचर, तो घरी रोज पिठाच्या डब्यावर वाजवायचा. आता डबाही वाजवत नाही.”

तो मुलगा परत आला नाही. त्या वर्षापासून निवड बंद केली. शिकणारा प्रत्येक जण मंचावर बसणार आणि आपलंच वाद्य वाजवणार. त्यासाठी गत मीच बदलायची. ज्याला दोन स्वर येतात त्याच्यासाठी सा आणि प, ज्याला नुसता ठेका जमतो त्याच्यासाठी नुसता ठेका. कार्यक्रम पूर्वीइतका चकाचक होत नसे, पण जूनमध्ये गळती थांबली.

खरा प्रसंग पुढे होता. नववी-दहावीचे संगीताचे तास आयआयटी फाउंडेशनला द्यायचे, असं व्यवस्थापनाने ठरवलं. पालकांचीच मागणी होती, त्यांनाही दोष कसा द्यायचा? मी भाषण केलं नाही. एका शनिवारी पालकांना वर्गात बोलावलं. कार्यक्रम ठेवला नाही, रोजचाच तास दाखवला. लय चुकली की मुलं थांबत, कुठे चुकलं ते आपसात ठरवत, पुन्हा समेवर येत. मी मधे बोलले नाही. तास संपल्यावर एक वडील म्हणाले, “माझा मुलगा इतका वेळ दुसऱ्याचं ऐकून घेतो, हे मला ठाऊक नव्हतं.” शेवटी नववीचा एक तास वाचला. दहावीचा मात्र गेला.

आता तुमच्याकडे वळते. मुलांना वाद्य शिकवणार असाल तर रोज दहा मिनिटं पुरतात, पण रोज. पाहुणे आले की लगेच “वाजवून दाखव” म्हणू नका. तबला उन्हात किंवा ओलीत ठेवू नका, दोन्हींनी पुडी बिघडते. पेटी आठवड्यातून एकदा तरी वाजती ठेवा, बंद पेटीत धूळ आणि कसर शिरते.

आणि एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर आजोबांची पेटी चादरीत गुंडाळलेली आहे. या सुट्टीत ती खाली काढा, भाता तपासा, सूर लावून घ्या. घरात कुणी वाजवणारं असेल तर उत्तमच. नसेल तर जवळच्या शाळेत नेऊन द्या. माझ्या वर्गातल्या सातपैकी चार पेट्या अशाच आल्या होत्या. एकीच्या आत मूळ मालकाचं नाव आणि जुन्या चाळीचा पत्ता होता. तो आम्ही पुसला नाही.