इतिहास शिकवला कुणी, संगणकाने की पद्धतीने?

संशोधन आराखडा लिहायला बसलं की एक विषय हमखास समोर येतो: 'इयत्ता आठवीच्या इतिहासातील संपादणुकीवर संगणक सहाय्यित अनुदेशनाची परिणामकारकता'. एक प्रायोगिक गट, एक नियंत्रित गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य, झालं! संगणकाचा गट पुढे निघतोही. पण कशामुळे, हे यातून कळतच नाही.

उदाहरण बघा. १९७१ साली अमेरिकेत मिनियापोलिसला डॉन रॉविच हा शिकाऊ शिक्षक आठवीला इतिहास शिकवत होता. त्याच्या दोन सहकाऱ्यांनी त्याच्या कल्पनेवरून 'द ओरेगॉन ट्रेल' हा प्रोग्रॅम लिहिला. एकोणिसाव्या शतकात बैलांच्या गाड्यांतून पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांचा प्रवास. हातात ठरावीक पैसे. बैलांवर किती घालवायचे, खाण्यावर किती, गोळ्यांवर किती, हे मुलांनीच ठरवायचं. पडदा नव्हताच. टेलिटाइप कागदावर छापून सांगायचं, वाटेत काय संकट आलं ते. शिकारीसाठी 'बँग' शब्द भराभर टाइप करायचा. (मुलांना काय मजा आली असेल!)

आता सांगा, यात संगणकाचा वाटा किती आणि मिळून निर्णय घेण्याचा किती? रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये नेमकं हेच विचारलं. त्यांच्या मते माध्यम म्हणजे किराणा आणणारी गाडी. पोषण किराण्यातून होतं, गाडीतून नाही. रॉबर्ट कोझमा यांना हे पटलं नाही, काही गोष्टी विशिष्ट माध्यमामुळेच शक्य होतात असं त्यांचं म्हणणं. माझा कल क्लार्ककडे, निदान आराखडा करताना तरी.

म्हणून नियंत्रित गटाला नुसतं व्याख्यान देऊ नका. तोच प्रवास चिठ्ठ्या आणि फाशांवर खेळवा. शिक्षक तेच, तासिका तेवढ्याच. मग उरलेला फरक संगणकाचा म्हणायला काही आधार राहील.

आणि चाचणी एकदाच घेऊन थांबू नका. बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या वडोदऱ्यातल्या प्रयोगात चौथीच्या मुलांचे गणिताचे गुण संगणकामुळे दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले होते. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर ती वाढ साधारण ०.१० वर आली. तो विषय गणिताचा, इतिहासात काय होईल ते वेगळं तपासावं लागेल. तेव्हा तीन-चार महिन्यांनी धारणा चाचणी आराखड्यातच लिहून टाका, कारण परीक्षा संपल्यावर शाळा पुन्हा वर्ग देईलच असं नाही.