वेश उतरतो, ओळख नाही

अक्कलकुवा तालुक्यातल्या आमच्या काठी गावाची राजवाडी होळी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. उंच बांबूची ही होळी पहाटे पेटते. अंगावर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अशा वेशात बुध्या आणि बावा ढोलावर रात्रभर नाचतात. नवस बोललेला माणूस मनातली गोष्ट अशी अंगावर घेऊन गावासमोर येतो. व्रत संपले की वेश उतरतो.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून मुलाचा फोन आला. म्हणाला, "बाबा, मी समलिंगी आहे." मी फोन ठेवून दिला. हेही चार दिवसांचे सोंग असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढे त्यानेच मला चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग' या नाटकाबद्दल सांगितले. त्यात एक आई आपल्या समलिंगी मुलाची डायरी वाचते. मुलाची आठवण आईच्या तोंडून ऐकताना प्रेक्षक आपोआप आईच्या जागी जाऊन बसतो. आता असे प्रयोग करणारे कलाकार घरातले फोटो, ध्वनिमुद्रित आवाज, चित्रफीत आणि स्वतःचे शरीर एकत्र आणतात. कुटुंबाच्या फोटोत आपल्याला कसे उभे केले होते, हे ते पडद्यावर दाखवतात आणि त्याच्याच पुढे स्वतः आपल्या मर्जीने उभे राहतात.

यात राजकारण कुठे आले, असे मीही विचारले होते. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 बाबत निकाल दिला. त्याआधी दोन सज्ञान पुरुषांचे राजीखुशीचे नातेही गुन्हा ठरू शकत होते. म्हणजे ज्या आठवणीला इतर लोक प्रेम म्हणतात, तीच यांच्यासाठी कबुलीजबाब होती. ती चारचौघांत सांगणे म्हणजे आपला नागरिकत्वाचा हक्क मागणेच होते. ही मागणी अजून संपलेली नाही. 2023 मध्ये न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला.

गेल्या होळीला मुलगा काठीला आला. त्याने ढोलाचा आवाज मुद्रित केला. मग यंत्र माझ्यापुढे धरून विचारले, "त्या फोनच्या वेळी तुम्हाला काय वाटलं होतं?"

मी म्हणालो, "भीती वाटली. फोन ठेवला, ते चुकलं."

आता त्याच्या प्रयोगात ढोल थांबला की माझे हे वाक्य ऐकू येते.