चित्तानुपश्यना
चित्तानुपश्यना : स्वतःच्या मनात उठणाऱ्या विचारांकडे व भावस्थितींकडे, त्यांत न गुंतता आणि त्यांना दडपूनही न टाकता, सावधपणे पाहण्याची ध्यानपद्धती. मूळ पाली संज्ञा ‘चित्तानुपस्सना’. दीघनिकायातील महासतिपट्ठानसुत्तात स्मृतीची, म्हणजे सावधानतेची, काया, वेदना, चित्त व धर्म अशी चार अधिष्ठाने सांगितली आहेत. त्यांपैकी हे तिसरे होय. तेथे चित्ताच्या सोळा अवस्था जोडीजोडीने दिल्या आहेत. उदा., सराग व वीतराग, सद्वेष व वीतद्वेष. जी अवस्था उपस्थित असेल ती तशीच जाणणे, एवढेच साधकाचे काम असते.

चिंतन व आत्मपरीक्षण यांहून ही पद्धती वेगळी आहे. चिंतनात विचाराच्या आशयाचा पाठपुरावा केला जातो, तर आत्मपरीक्षणात स्वतःच्या आचरणाचा न्यायनिवाडा होतो. जुन्या अपमानाची आठवण होताच मन सामान्यतः प्रत्युत्तर जुळवू लागते, निरीक्षक मात्र ‘आठवण आली, तिच्यासोबत क्रोध आला’ एवढेच जाणतो आणि तो क्रोध कसा वाढतो व ओसरतो हे पाहतो. प्रारंभी श्वासाचा आधार घेतात. लक्ष भरकटल्याचे ध्यानात येताच ते खंत न करता श्वासाकडे परत आणावयाचे असते. लक्ष भरकटणे हे अपयश नसून ते ध्यानात येणे हाच अभ्यासाचा गाभा आहे.

एकच मन विचार करणारे व त्याच वेळी तो पाहणारे कसे असू शकेल, असा आक्षेप फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँत यांनी घेतला होता. व्हिल्हेल्म व्हुंट यांनी १८७९ मध्ये लाइपसिक येथे स्थापन केलेल्या प्रयोगशाळेत अंतर्निरीक्षणाला शिस्तबद्ध रूप देण्याचा यत्न झाला. तथापि अशा निरीक्षणांचा पडताळा इतरांना घेता येत नाही, म्हणून जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये ही पद्धत त्याज्य ठरविली. शास्त्रीय पुरावा म्हणून हा आक्षेप सबळ आहे. साधनेत मात्र निरीक्षणामुळे विचार बदलणे हा दोष ठरत नाही. पाहिलेला क्रोध कृतीत उतरण्यापूर्वी विवेकाला अवसर मिळतो, हेच तिचे प्रयोजन होय.

बौद्ध ध्यानमार्गाचे मराठीत विवेचन धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी ‘समाधिमार्ग’ या ग्रंथात केले. ब्रह्मदेशात ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकलेले सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) १९६९ मध्ये भारतात आले. त्यांच्या परंपरेचे इगतपुरी येथील केंद्र १९७६ पासून कार्यरत असून सांगलीलगतच्या कोल्हापूर जिल्ह्यातही आळते येथे केंद्र आहे. त्यांच्या दहा दिवसांच्या शिबिरांत विचारांच्या आशयापेक्षा शरीरातील संवेदनांच्या निरीक्षणावर भर असतो. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅचूसेट्स विद्यापीठात ताण कमी करण्यासाठी अशा अभ्यासाचा वैद्यकीय क्षेत्रात उपयोग सुरू केला.

ही पद्धती वैद्यकीय उपचारांचा पर्याय नव्हे. तीव्र मनोविकार असलेल्यांना दीर्घ ध्यानाने अपायही होऊ शकतो. त्यामुळे त्यांनी तज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक असते.