उतरायचं नाही, तर जायचं कशाला?

खोपटच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहताना ‘आर्टेमिस-२’ या चांद्रमोहिमेचा विषय निघाला, की पहिला सवाल ठरलेला: चार माणसं चंद्रापर्यंत जायची आणि न उतरताच परतायची? मग उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. त्याला नीट उत्तर द्यायलाच हवं.

ही चाचणी आहे आणि खरी कसोटी परतीची. चंद्राकडून येणारं यान सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतं. त्याच्या बुडाचं उष्णतारोधक कवच स्वतः जळत, झिजत आतल्यांना वाचवतं. २०२२ मध्ये याच प्रकारचं ‘ओरायन’ यान माणसांविना चंद्रापर्यंत जाऊन आलं, तेव्हा या कवचाचे करपलेले तुकडे ठिकठिकाणी उडालेले दिसले. आत कोंडलेल्या वायूंनी ते तडकलं होतं. म्हणून माणसांच्या फेरीसाठी वातावरणात शिरण्याची वाटच बदलायचं ठरलं.

जाण्याचा मार्गही असाच जपून आखलेला. चंद्रामागून वळसा घेताना त्याचंच गुरुत्वाकर्षण यानाला पृथ्वीकडे वळवतं. डिसेंबर १९६८ मधलं ‘अपोलो-८’ मात्र चंद्राच्या कक्षेत शिरलं होतं. तिथून सुटायला इंजिन पेटणं भागच होतं, तेही चंद्राआड, पृथ्वीशी संपर्क तुटलेला असताना! उतरलं तेही नव्हतं.

पुढच्या जुलैत ‘अपोलो-११’ उतरलं. ऑक्टोबरात त्याचे तिन्ही वीर मुंबईत आले, तेव्हा लोकांनी प्रचंड गर्दी केली. त्यांतले मायकेल कॉलिन्स चंद्रावर उतरलेच नव्हते. ते वर कक्षेत फिरत राहिले, कारण तिघांना घरी आणणारं यान त्यांच्या हाती होतं.